पान एकवीस

सदतीस वर्षं मी विंगेत उभा राहतोय,
डावीकडच्या काळ्या पडद्याच्या घडीत,
हातात लहान बॅटरी, तिच्या काचेवर तांबडा जिलेटिन.
दिवसा हळदीच्या पेढीवर सौद्यांच्या पट्ट्या लिहितो,
म्हणून संहितेच्या पानापानावर
माझ्या अंगठ्याचा पिवळा ठसा.
पोरं हसतात. काका, नाटकाला हळद लागली म्हणतात.
लागू दे. तेवढ्याला तरी.

यंदाची एकांकिका पोरांनी स्वतःच लिहिली.
एक मुलगा आहे, बारावीतला.
त्याला बाकावर शेजारी बसणारा मुलगा आवडतो.
एवढंच.
कुणी मरत नाही, कुणी गाव सोडत नाही,
शेवटी सायकल पंक्चर होते
आणि दोघं ती ढकलत आयर्विन पुलावरून चालत जातात.
मी मृण्मयीला म्हटलं, अगं, यात नाटक कुठाय?
ती म्हणाली, पान एकवीस वाचा.

वाचलं. घरी नाही. पेढीवर,
पोत्यांच्या थप्पीमागं, जेवणाच्या सुट्टीत.
मुलगा आईला सांगतो. आई शेंगा फोडतेय.
मला मुलगेच आवडतात.
पुढं कंसात: (आई शेंगा फोडत राहते.)

तालमी वखारभागातल्या शाळेत.
भिंतीवर पुराची रेघ, छातीएवढी उंच,
खालचा रंग निराळा, वरचा निराळा.
श्रेणिक आडमुठे त्या रेघेला पाठ लावून
रोज ते वाक्य म्हणायचा.
कधी भाषणासारखं, कधी घाईघाईनं,
कधी हसून, एसटी चुकली म्हणून सांगावं तसं.
मी मनातल्या मनात दुरुस्त करायचो:
थांब जरा, ‘मला’नंतर श्वास घे.
मला काय ठाऊक? मी कुठं कधी म्हटलं होतं?

बसगोंडा जतहून आलेला.
राजाच्या दरबारात आम्ही दोघं पहारेकरी,
एकही संवाद नाही, अडीच तास भाला धरून
समोरासमोर उभे.
पापणी हलली तर याद राखा, दिग्दर्शक म्हणायचे.
तितका वेळ मी पुन्हा कुणाकडं बघितलेलं नाही.
बारा प्रयोग झाले.
मग त्याच्या लग्नाची पत्रिका आली,
चारी कोपऱ्यांना हळदीची बोटं.
पुढच्या वर्षी मी प्रॉम्प्टिंग मागून घेतलं.

तिसरी घंटा. नारळाचं पाणी अजून पायाला चिकटत होतं.
पान एकवीस.
श्रेणिक म्हणाला, आई,
आणि थांबला.
हा विराम संहितेत नव्हता.
एक शेंग. दुसरी शेंग. अंधारात कुणाचा तरी खोकला.
त्यानं मान इतकुशी वळवली, डाव्या विंगेकडं.

प्रॉम्प्टरनं पहिला शब्द द्यायचा. फक्त पहिला.
‘मला’ म्हणायचं आणि गप्प बसायचं,
बाकीचं ज्याचं त्याचं.
मी बॅटरी विझवली.
मला मुलगेच आवडतात, म्हणालो.
कुजबुजायला जमलं नाही.

श्रेणिकनं ते माझ्यामागून म्हटलं.
‘मला’नंतर श्वास घेतला पोरानं.
आई शेंगा फोडत राहिली.

परीक्षकांच्या कागदावर शेरा आला:
प्रॉम्प्टिंग तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू येत होते.
दोन गुण वजा. नंबर गेला.
मृण्मयी दोन दिवस बोलली नाही.
श्रेणिकला विचारलं, विसरलावतास काय रं?
भडंगाची पुडी पुढं करत तो म्हणाला,
घ्या की काका, जरा तिखट आहे.

तिसऱ्या रांगेत आमचे शेठ होते,
पास मीच दिलेला.
सोमवारी सौदा सुरू व्हायच्या आधी
चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्याकडं सरकवत,
वर न बघता, शेठ म्हणाले,
आवाज चांगलाय की तुमचा, मालगावे.

मी आकडे लिहायला घेतले.
पहिल्याच पट्टीत दोनदा चुकलो.